जेलमध्ये झाड लावायचंय? मग मणी दिसले पाहिजेत

पाणी पिऊन फुगणाऱ्या खड्यांचं जेल करून त्यात मातीऐवजी झाड लावायचं ठरवलं, तेव्हा पहिल्या खेपेला मी एका झाडासाठी बादलीभर जेल करून बसले होते. पाकिटात खडे दिसत होते जेमतेम मूठभर. एवढ्याशानं काय होणार म्हणून सगळे बादलीत ओतले, काठोकाठ पाणी घातलं आणि झोपले. सकाळी बादलीत पाणी नव्हतंच. हात घातला तर कोपरापर्यंत नुसते थंडगार, बुळबुळीत, थरथरणारे तुकडे. आणि माझी बरणी होती पाऊण लिटरची.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बावीस वर्षं बीकर धुतेय, द्रावणं मोजतेय, आणि घरी आल्यावर पाकिटावरचं माप वाचायचा कंटाळा केला. ही फजिती मनाला लागली, म्हणून नंतर सगळं नीट मोजूनमापून केलं. आता खिडकीजवळच्या फळीवर नऊ बरण्या आहेत. तिथवर येईपर्यंत पाच-सहा झाडं गेली. त्यातलं एकही तहानेनं गेलं नाही, सगळी बुडून गेली. म्हणून खाली मी पाणी घालण्यापेक्षा पाणी काढण्याबद्दलच जास्त बोलणार आहे.

खडे कसले असतात

पोटॅशियम पॉलिअ‍ॅक्रिलेट किंवा पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड, ही त्यांची नावं. पॉलिमरच्या, म्हणजे छोटे रेणू जोडून झालेल्या, लांबच लांब साखळ्या असतात, आणि त्या जागोजागी एकमेकींना गाठी मारून बांधलेल्या असतात. पाणी मिळालं की साखळ्या सैल होऊन पसरतात, पण गाठींमुळे सुटून विरघळत नाहीत. म्हणून खडा फुगतो आणि तरी खडाच राहतो. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चपासून असाच पाणी पिणारा पदार्थ केला होता, त्याचं लाडकं नाव 'सुपर स्लर्पर'. पुढे याच कुळातले पदार्थ बाळांच्या डायपरमध्ये गेले.

त्यावरून कुणीतरी हमखास सुचवतं, डायपर फाडून आतली पूड वापर की. नका वापरू. ती सोडियमची असते, आणि इतकं सोडियम झाडाच्या मुळांना सोसत नाही. शिवाय पूड भिजली की तिचा लगदा होतो, मुळांना श्वास घ्यायला फटसुद्धा राहत नाही. झाडांसाठी म्हणून मिळणारे खडे किंवा गोल मणी घ्या. दोन्ही चालतात, पण नवख्या माणसानं मणीच घ्यावेत. गोल वस्तू एकमेकींवर रचल्या की मध्ये फटी राहतात. वेडेवाकडे खडे एकमेकांत घट्ट बसतात, त्यातून हवा कमी खेळते.

आणि मणी बिनरंगी घ्या. रंगीत मणी पहिले आठ दिवस छान दिसतात, मग रंग पाण्यात उतरतो. माझा खरा आक्षेप वेगळाच आहे, तो पुढे सांगते.

भिजवणं

एकदा प्रयोगशाळेत तीन बीकर मांडले. प्रत्येकात एक ग्रॅम कोरडे खडे. पहिल्यात डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात नळाचं पाणी, तिसऱ्यात खत विरघळवलेलं पाणी. संध्याकाळी गाळून तोलले. डिस्टिल्डमधले दोनशे ग्रॅमच्या वर गेले होते. नळाच्या पाण्यातले निम्म्यालाही पोचले नव्हते. खताच्या पाण्यातले तर पार हिरमुसून बसलेले.

कारण क्षार. खड्याच्या आत क्षार जास्त आणि बाहेर कमी, म्हणून पाणी आत ओढलं जातं. बाहेरचं पाणीच खारट असलं की ती ओढ कमी होते. जड पाण्यातलं कॅल्शियम तर आणखी पुढची खोडी करतं, दोन साखळ्यांना धरून त्यांना जवळ आवळून ठेवतं. घरी बघायचं असेल तर एक फुगलेला मणी ताटलीत ठेवा आणि वर चिमूटभर मीठ टाका. थोड्या वेळानं मण्याभोवती थारोळं दिसेल आणि मणी सुरकुतलेला.

तेव्हा भिजवायला पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या, आणि खत त्यात मुळीच घालू नका. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरिन निघून जातो हे खरं, पण क्षार कुठे जात नाहीत. नळाचंच वापरावं लागणार असेल तर खडे दुपटीएवढे घ्या, एवढाच फरक.

माप असं काढायचं. जेल कधीही घातलेल्या पाण्यापेक्षा फारसं जास्त होत नाही, हे लक्षात ठेवलं की बादलीभर प्रकरण होत नाही. बरणी पाण्यानं भरा आणि त्यातलं एक तृतीयांश ओतून टाका. उरलं तेवढं पाणी एका मोठ्या भांड्यात घ्या. मणी रचले की मधल्या फटींमुळे त्यांची जागा वाढते, म्हणून एवढ्यात बरणी भरते. त्यात एका लिटरला साधारण पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, या हिशेबानं खडे घाला. सहा ते आठ तास थांबा. पाकिटावर वेगळं माप असेल तर ते पाळा, माझ्यासारखा शहाणपणा नको. खडे फुगले आणि पाणी उरलं, तर उत्तम. पाणी संपलं आणि मध्ये अजून टणक गाभा लागतोय, तर आणखी थोडं पाणी घालून दोन तास थांबा.

मग चाळणीवर ओता आणि अर्धा तास निथळू द्या. ही पायरी मी सुरुवातीला वगळायचे. 'जेल ओलंच तर असतं, निथळवायचं काय त्यात?' असं वाटायचं. पहिली दोन झाडं याच प्रश्नापायी गेली.

एक गोष्ट पक्की: कोरडे खडे झाडासकट बरणीत भरून वर पाणी घालायचं नाही. ते फुगताना झाडाला वर ढकलतात, मुळं उचकटतात, आणि बरणी अरुंद तोंडाची, पातळ काचेची असेल तर तिला तडासुद्धा जाऊ शकतो.

झाड कुठलं

मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, अग्लोनिमा, स्पायडर प्लांट, ट्रॅडेस्कॅन्शिया, कोलियस, लकी बांबू. म्हणजे जी झाडं नुसत्या पाण्यातही जगतात तीच. निवडुंग, कोरफड, अडेनियम यांना यात घालणं म्हणजे त्यांचा छळ आहे. फुलझाडांच्या भानगडीत मी पडत नाही.

मातीतलं झाड उपटून जेलमध्ये लावता येतं, पण पाण्यात मुळं फुटलेली फांदी लावणं शंभरदा बरं. मातीतली मुळं मातीसाठी झालेली असतात. पाण्यात फुटणारी मुळं दिसायलाही वेगळी, पांढरी, जाडसर, काडकन मोडणारी, आणि आत हवा खेळायला पोकळ्या असलेली. जेलमध्ये कामाला येतात ती ही मुळं. मातीतून आलेल्या झाडाला आधी जुनी मुळं काही प्रमाणात टाकून नवी काढावी लागतात, आणि त्या दोन-तीन आठवड्यांत ते रुसतं, पिवळं पडतं, कधी जातंही.

फांदी कापताना पेर बघा. मनी प्लांटच्या पानाच्या देठाखाली तपकिरी, टोकदार फोडासारखं काहीतरी दिसतं, तेच पुढचं मूळ. त्या पेराच्या बोटभर खाली धारदार कात्रीनं कापा. पेर नसलेला नुसता देठ महिनोन् महिने हिरवा राहतो, पण त्याची वेल होत नाही. खालची पानं काढा, पेर पाण्यात बुडवा, पाणी चार-पाच दिवसांनी बदला. मुळं बोटाच्या दोन पेरांएवढी झाली आणि त्यांना बारीक फाटे फुटू लागले की जेलमध्ये न्यायची वेळ झाली.

मातीतलंच झाड न्यायचं असेल तर माती निःशेष धुवा. निःशेष म्हणजे खरोखरच निःशेष. कुंडीतून गोळा काढा, बादलीत तासभर भिजत ठेवा, मग नळाच्या मंद धारेखाली बोटांनी माती सोडवा. मुळांच्या बेचक्यात अडकलेल्या मातीसाठी मी जुना मऊ ब्रश घेते. माती राहिली की जेलच्या कायम ओलाव्यात ती कुजते आणि तिसऱ्या आठवड्यात वास येतो. धुताना मुळं तपासा. चांगलं मूळ हलकेच ओढलं तर अख्खं राहतं. सडलेल्या मुळाची वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात बारीक दोरा उरतो. असा दोरा दिसला की तिथून वर, पांढरा भाग लागेपर्यंत कापा. मग झाड आठ-दहा दिवस साध्या पाण्यात ठेवा, नवी पांढरी टोकं दिसू द्या, आणि त्यानंतरच जेल.

बरणी भरणं

काचेची, रुंद तोंडाची, हात आत जाईल अशी. अरुंद गळ्याच्या बाटलीत झाड सुरेख दिसतं, पण धुवायची वेळ आली की तुम्ही आणि ती बाटली, दोघंही रडकुंडीला याल.

तळाशी दोन बोटं मणी घाला. झाड हातानं अधांतरी धरा, मुळं पसरवा, आणि बाजूनं मणी सोडत जा. दाबायचं नाही. बरणी टेबलावर हलकेच दोनदा आपटली की मणी आपली जागा घेतात. झाडाचं खोड जिथून सुरू होतं ती जागा मण्यांच्या वर राहिली पाहिजे, खोड गाडलं की तेच आधी सडतं. जेल मातीसारखं घट्ट धरत नाही, त्यामुळे उंच झाडाला सुरुवातीला काडीचा टेकू द्या.

भरताना मी काचेला टेकून एक पारदर्शक नळी तळापर्यंत उभी ठेवते. जाडसर स्ट्रॉ चालते. तिचा उपयोग आता सांगते.

मणी दिसले पाहिजेत

भरून झालं की बरणी डोळ्यांच्या उंचीवर धरा. प्रत्येक मण्याची गोल कड स्पष्ट दिसायला हवी. आता त्यात मुद्दाम थोडं पाणी ओता आणि तळाकडे बघा. मणी नाहीसे होतात. फुगलेला मणी जवळपास सगळा पाणीच असतो, त्यामुळे प्रकाश पाण्यातून मण्यात शिरताना वळतच नाही, आणि डोळ्याला कड सापडत नाही. मण्यांच्या मध्ये हवा असली की कडा चमकतात, पाणी असलं की सगळं एकसंध काचेसारखं दिसतं.

म्हणजे तुमच्या बरणीला फुकटचं मीटर बसवलेलं आहे. जिथे मणी दिसतात तिथे हवा आहे. जिथे दिसत नाहीत तिथे पाणी साचलंय आणि तिथली मुळं गुदमरतायत. रंगीत मण्यांवर माझा राग तो यासाठी, त्यांत ही खूण चटकन कळत नाही.

माझ्या वन्सं एकदा घरी आल्या, फळीवरची बरणी हातात घेतली आणि म्हणाल्या, "अगं, ही तर नुसत्या पाण्याचीच दिसतेय, जेल कुठंय?" बघितलं तर खरंच, तळचे चार बोटं मणी गायब होते. कुणीतरी घरातल्यांनी माया म्हणून पेलाभर पाणी घातलं होतं. वरचे मणी दिसत होते म्हणून माझं लक्ष गेलं नव्हतं.

अशा वेळी नळीत सुई नसलेली सिरिंज लावून तळाचं पाणी ओढून घ्या. नळी ठेवली नसेल तर तोंडावर जाळी धरा आणि बरणी तिरकी करून निथळा. अगदी तळाशी बोटाच्या जाडीएवढं पाणी असेल आणि मुळं त्याच्या वर असतील तर मी हरकत घेत नाही. त्याहून जास्त नको.

पाणी कधी घालायचं? वार ठरवू नका. मणी बारीक होऊन बरणीतली पातळी सुमारे एक चतुर्थांश खाली आली की. माझ्या खोलीत तीन आठवडे सहज जातात, पंख्याखालच्या बरणीला दोनच. पाणी थोडं घालायचं, चार-पाच चमचे, आणि दुसऱ्या दिवशी मणी बघायचे. पानं मलूल झालीत पण मणी टपोरे आहेत, तर पाणी घालू नका. ते झाड तहानलेलं नाही, त्याची मुळं गेलीत. बाहेर काढा, वर सांगितलेली ओढून बघायची परीक्षा घ्या.

उजेड आणि शेवाळ

थेट ऊन नको. उन्हात तीन गोष्टी बिघडतात: बरणी तापते, शेवाळ धरतं, आणि जेल पिवळं, चिकट होऊन तुटायला लागतं. खिडकीपासून दोन-तीन हात आत, भरपूर उजेड पण ऊन नाही, अशी जागा बघा. तरी काचेवर हिरवी झाक येतेच, कारण ओलावा, खत आणि उजेड तिन्ही तिथे हजर. मी बरणीला जाड कागदाची बाही घालते आणि बघायचं असेल तेव्हा वर सरकवते. पाहुणे आले की काढून ठेवते, तेवढी हौस कुणाला नसते!

खत

जेलमध्ये अन्न नावाला नसतं. पहिले दोन महिने झाड पानांतल्या शिदोरीवर काढतं आणि आपल्याला वाटतं, वा, काहीच लागत नाही. मग खालची जुनी पानं पिवळी पडायला लागतात, ती नायट्रोजनची ओरड. नवी पानं फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह कमी पडतंय.

हायड्रोपोनिक्ससाठीचं, म्हणजे मातीविना वाढवलेल्या झाडांसाठीचं लिक्विड खत घ्या, सांगितलेल्या मात्रेचा फक्त पाव भाग पाण्यात घाला, आणि महिन्यातून एकदा नेहमीच्या पाण्याऐवजी द्या. युरियावर भिस्त ठेवू नका. मातीतले जिवाणू त्याचं रूपांतर करतात तेव्हा झाडाला त्याचा नीट उपयोग होतो, इथे माती कुठे आहे? शेणखताचं पाणी, कंपोस्टचं पाणी हेही नको. त्याचा वास खोलीभर होतो, हे मी अनुभवानं सांगतेय.

झाड पाणी पितं, हवा पाणी नेते, पण न वापरलेले क्षार मागे राहतात. ते साठत गेले की मणी पूर्वीसारखे फुगत नाहीत, वर पांढरी पूड दिसते. म्हणून दर तीन महिन्यांनी धुणं. झाड हळूच बाहेर घ्या. काही मण्यांच्या आरपार मुळं गेलेली दिसतील, ते ओढून काढू नका, मुळांना तसेच लटकू द्या. बाकीचे मणी चाळणीत धुवा, आरओच्या पाण्यात रात्रभर ठेवा, निथळा. बरणी घासा. पुन्हा भरा. धुऊनही मणी लिबलिबीत आणि वास मारणारे राहिले तर त्यांचे दिवस भरले, नवे घ्या.

लहान मूल असेल तर

हे मी शेवटी लिहितेय, पण घरात रांगतं मूल असेल तर आधी हेच वाचायला हवं होतं. कोरडा मणी मोहरीएवढा दिसतो. गिळला गेला तर पोटात फुगतो आणि आतडं अडवू शकतो, त्यात जीवही जाऊ शकतो. एक्स-रेमध्ये तो बहुतेक वेळा दिसत नाही. नाकात-कानातही असाच फुगतो, तेव्हा कानात पाणी घालून काढायला जाऊ नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघत बसू नका, पाकीट हातात घेऊन तडक दवाखान्यात जा आणि काय गिळलं असेल ते स्पष्ट सांगा. मूल सहा-सात वर्षांच्या आतलं असेल तर माझं मत सरळ आहे: हा छंद काही वर्षं पुढे ढकला. कुत्र्या-मांजरांनाही हाच धोका, वर मनी प्लांटची पानं चावली की त्यांचं तोंड भाजल्यासारखं होतं ते वेगळं.

ओला मणी फरशीवर पडला तर लगेच उचला. मी एकदा त्यावरून घसरून दार धरलं म्हणून वाचले.

जुनं जेल कुठे टाकायचं

मोरीत नाही, बेसिनमध्ये नाही, संडासात तर नाहीच. पाइपमध्ये बसून ते पाणी पीत राहतं. पसरट ताटलीत एक थर पसरून उन्हात ठेवा. आठवड्याभरात पुन्हा मूठभर खडे उरतात, ते कागदात बांधून कचऱ्यात टाका.

माझी ती बादली मी अशीच चार ताटल्यांत वाळवली. चांगले निघालेले खडे बरणीत झाकण लावून, उंच कपाटात ठेवलेत. नऊ बरण्या झाल्या तरी ते खडे अजून संपलेले नाहीत.